परशुराम भोईर, बी. ए., एम्. जे.

नौपाड्यात एका जुन्या चाळीच्या तळमजल्यावर परशुराम हिराजी भोईर याची भाड्याची खोली होती, आणि त्या खोलीला शोभणार नाही एवढी मोठी पाटी तिच्या दारावर होती. पाटीवर नावापुढे दोन पदव्या रंगवल्या होत्या. त्यांतली बी. ए. सगळ्यांना कळे. दुसरी होती एम्. जे., आणि ती कुणालाच कळत नसे. शेजारचे पेन्शनर दामले तिचा अर्थ 'मॅट्रिक, जेमतेम' असा सांगून येणाऱ्याजाणाऱ्याला हसवत. परशुराम मात्र कुणी विचारण्याची वाटच पाहत असे. विचारलं की तो चष्मा काढून पुसायचा आणि सावकाश सांगायचा, "मास्टर ऑफ जर्नालिझम. पत्रकारितेतली पदव्युत्तर पदवी. अमेरिकेत याशिवाय वर्तमानपत्राच्या दारात उभं करत नाहीत." आपलं दार अमेरिकेत नसून ठाण्यात आहे, हे त्याला कुणी सांगितलं नाही. सांगितलं असतं तरी त्याने ऐकलं नसतं.

ही पदवी देणाऱ्या संस्थेचं नाव होतं अखिल भारतीय वृत्तविद्या पीठ. गिरगावात एका काढे-आसवांच्या दुकानावर तिच्या दोन खोल्या होत्या, आणि अखिल भारत शनिवारी दुपारी आणि रविवारी सकाळी त्या दोन खोल्यांत भरत असे. कुठल्याही विद्यापीठाशी पीठाचा संबंध नव्हता. माहितीपत्रकात ही गोष्ट 'स्वतंत्र बाण्याची संस्था' अशा शब्दांत सांगितली होती. विद्यार्थी अकरा होते. दोघांना वकिली जमली नव्हती, एकाला घरी बायकोशी पटत नसल्यामुळे रविवारी बाहेर पडायला कारण हवं होतं, आणि उरलेले परशुरामसारखे होते, म्हणजे नावापुढे आणखी काहीतरी लागल्याशिवाय आपल्याला कुणी माणसात धरणार नाही असं मनापासून वाटणारे.

पीठाचे प्राचार्य, प्राध्यापक आणि परीक्षक सगळं टिपणीस सरच होते. त्यांनी उभ्या आयुष्यात एका दिवसाचीही वर्तमानपत्रातली नोकरी केली नव्हती, आणि याचा त्यांना अभिमान होता. "पोहणारा पाण्याबद्दल काय सांगणार?" असं ते विचारत. त्यांच्याजवळ दोन जाडजूड अमेरिकन पुस्तकं होती, आणि त्यातलं एकेक प्रकरण ते दर आठवड्याला मराठीत ओतत. १९५५-५६ साल होतं. मुंबईत संयुक्त महाराष्ट्रासाठी रस्ते पेटले होते, गोळीबार होत होते, पीठाच्या खिडकीखालून मोर्चे जात होते. टिपणीस सर खिडकी लावून घेत आणि शिकागोतल्या एका गोदामाला लागलेल्या आगीची बातमी लिहायला देत. परशुरामला त्या बातमीत पहिला नंबर मिळाला. ती वही त्याने पुढे कितीतरी वर्षं जपून ठेवली होती.

हा परशुराम मूळचा दिव्याकडचा, खाडीच्या अंगाला असलेल्या एका आगरी पाड्यावरचा. त्याची आई जनी बाळंतपणातच गेली. तिची थोरली बहीण चंद्रभागा बाराव्याला आली ती परत गेलीच नाही. तिला परत जायला होतं तरी काय? नवरा तारवावर असताना बुडाला होता, पोर झालं नव्हतं. तिने ते बारा दिवसांचं मूल उचललं, शेळीच्या दुधावर जगवलं, आणि मिठागरावर कामाला जाताना पाटीत घालून नेलं. येताना त्याच पाटीत मीठ असायचं. परशुराम आठ वर्षांचा असताना बापही तापाने गेला. मग चुलता नाथा, त्याचा पोरगा गणू आणि ही मावशी एवढंच घर उरलं. पोऱ्या शिकणार हे मावशीने ठरवलं, ठाण्याच्या शाळेत घातलं मावशीने, आणि तो मॅट्रिक झाला तेव्हा पाडाभर गूळ वाटला तोही मावशीनेच. 'आई' हा शब्द परशुरामने ज्या बाईसाठी वापरला ती एकच होती. तो तिला 'आय' म्हणायचा. मावशी म्हणायला तो शिकला नौपाड्यात आल्यावर.

चंद्रभागेची दुसरी ओळख म्हणजे ती धवलारीण होती. आगऱ्यांच्या लग्नात धवले गाऊन लग्न लावणारी बाई ती धवलारीण. भटजी आला तर आला, पण धवला झाल्याशिवाय लग्न लागलं असं कुणी मानत नसे. देवांना, पितरांना, गणगोताला ती नाव घेऊन बोलावते, हळदीपासून पाठवणीपर्यंत प्रत्येक गोष्टीचा धवला असतो, आणि सगळे तिला तोंडपाठ असतात. चंद्रभागेचा आवाज असा की मांडवातली भांडणंसुद्धा थांबायची. दिव्यापासून ठाकुर्लीपर्यंत तिला मान होता. तिला मान नव्हता तो फक्त नौपाड्यातल्या त्या खोलीत.

एकदा ती सुकट-बोंबलाचं गाठोडं घेऊन खोलीवर आली, तर दामलेकाकूंनी धाडकन खिडकी लावली. परशुरामला त्या खिडकीचा राग यायला हवा होता. त्याला राग आला गाठोड्याचा. तेव्हापासून तो तिला स्टेशनवरच भेटायला लागला. "तुला एवढं चालायला नको," असं सांगायचा. उन्हातान्हात मिठाच्या पाट्या वाहणाऱ्या बाईला दहा मिनिटं चालायचा त्रास होईल, ही काळजी त्याला अचानक लागली होती. तिने ती खरी मानली की नाही कोण जाणे, पण पुन्हा ती खोलीवर आली नाही.

पीठाचा एक नियम होता. दुसऱ्या वर्षाच्या शेवटी प्रत्येकाने एक 'प्रत्यक्ष वृत्तांत' लिहायचा आणि तो कुठल्यातरी नियतकालिकात छापून आणायचा. छापील कात्रण जोडल्याशिवाय पदवी नाही. परशुरामने नगरपालिकेच्या गटारांवर लिहिलं. कुणी छापलं नाही. नौपाड्यातल्या व्यायामशाळेवर लिहिलं, ते व्यायामशाळेच्या चिटणिसालासुद्धा आवडलं नाही. मुदत जवळ आली तसा त्याला घाम फुटायला लागला. दोन वर्षं नातेवाइकांत, चाळीत त्याने जी हवा केली होती ती फुस्स होणार होती.

टिपणीस सरांनी त्याला बोलावून घेतलं. "भोईर, तुमच्या लोकांत ती लग्नात गाणारी बाई असते ना? पुरोहित स्त्री! अहो, अशी विलक्षण गोष्ट घरात असताना तुम्ही गटारं काय हुंगताय?"

परशुराम त्या रविवारी दोन वर्षांत पहिल्यांदा राहायला म्हणून पाड्यावर गेला. चंद्रभागेला एवढा आनंद झाला की तिने त्याला न विचारता कोंबडी कापली. तो काय मागायला आलाय हे ऐकल्यावर मात्र ती विचारात पडली. धवला मांडवाखाली म्हणायचा, लग्नाबिगर म्हणायचा नाही, अशी त्यांच्या पाड्याची रीत होती. सराव म्हणूनसुद्धा कुणी चारचौघांत म्हणत नसे.

"तुझे परीक्षेचं काम हाय?" तिने विचारलं.

"हो. याच्याशिवाय पदवी नाही मिळणार."

"मंग म्हनते. तुझेसाठी म्हनते. पन मांडव करू दे."

तिने दार लोटलं, आपलं जुनं लुगडं चार खुंट्यांना बांधलं, त्याला आंब्याचा टहाळा लावला, आणि त्या लुगड्याच्या मांडवाखाली बसून भरदुपारी, एकट्या त्याच्यासाठी, पहिल्यापासून शेवटपर्यंत सगळे धवले म्हटले. धवलारणीची ओळ मागून झेलणाऱ्या दोन बायका असतात, त्यांचीही ओळ तीच म्हणत होती. आणि आमचा मास्टर ऑफ जर्नालिझम काय करत होता? तो मान खाली घालून खरडत होता, आणि दोनदा त्याने तिला मध्येच थांबवून सांगितलं, "जरा हळू म्हण, लिहायला पुरत नाही."

पहिला खर्डा त्याने त्याच आठवड्यात लिहिला, आणि त्याचं सगळं वाकडं सांगायचं म्हटलं तरी हे कबूल केलं पाहिजे की तो चांगला होता. त्याची सुरुवात होती, 'माझी आय धवलारीण आहे.' पाटीत बसून मिठागरावर जाणं, तिच्या मांडीवर झोपून ऐकलेली लग्नं, ते लुगड्याचं छत, सगळं त्यात होतं. टिपणीस सरांनी तो वाचला आणि लाल पेन्सिल काढली.

"कोण आय? कुणाची आय? वाचकाला तुमच्या आयशी काय करायचंय?" त्यांनी पहिलं वाक्य खोडलं. "बातमीदार बातमीत दिसता कामा नये. पुस्तकात प्रकरण तिसरं. 'या लोकांमध्ये' असं लिहा. बाई शिकलेली आहे?"

"नाही सर."

"मग लिहा, 'निरक्षर'. वय? साठ? 'वृद्धा'. मुलंबाळं किती?"

"तशी नाहीत सर. म्हणजे मी…"

"तुम्ही तिचे पोटचे आहात का?"

"नाही, पण तिनेच मला…"

"मग नाहीत. एका शब्दाचं उत्तर आहे, भोईर. वस्तुस्थिती लिहा. 'तिला मूलबाळ नाही.' पाहा, वाक्य कसं स्वच्छ झालं!"

एवढं तरी परशुरामच्या बाजूने सांगायला हवं. त्याला मावशीही हवी होती आणि पदवीही हवी होती, आणि त्या क्षणी त्याला अगदी स्वच्छ कळलं होतं की या एका वाक्यात दोन्ही मावत नाहीत. मग त्याने स्वतःची समजूत घातली की आयला कुठे वाचता येतं. पाड्यावर कुठे पेपर येतो. आणि त्याने ते वाक्य सुवाच्य अक्षरात लिहून काढलं.

लेख ठाण्याच्या एका साप्ताहिकात आला, 'खाडीकाठच्या एका आदिम प्रथेचे अवशेष' अशा मथळ्याखाली. खाली नाव, परशुराम हि. भोईर, बी. ए. या लोकांमध्ये अजूनही अशी समजूत आहे, या लोकांची अशी श्रद्धा आहे, असं करत करत तो पाऊण पान चालला होता. त्यात चंद्रभागेचं नाव, गाव, वय, सगळं बिनचूक होतं. 'ही निरक्षर वृद्धा मिठाच्या पाट्या वाहून गुजराण करते. तिला मूलबाळ नाही.' टिपणीस सरांनी पहिला वर्ग दिला. पदवीदान एका वाचनालयाच्या सभागृहात झालं, भाड्याचे झगे घालून. परशुरामने दामल्यांना निमंत्रण दिलं. मावशीला नाही दिलं. सभागृह लांब होतं ना, तिला चालावं लागलं असतं.

पाड्यावर पेपर येत नाही हे त्याचं म्हणणं खरं होतं. पण गणू ठाकुर्लीला रेल्वेच्या वीजघरात कामाला होता. त्याला तिथल्या एका बाबूने अंक दाखवला. आपल्या परशाचं नाव छापलंय म्हणून गणू अंक छातीशी धरून घरी घेऊन आला. चार यत्ता शिकलेला गडी, एकेक अक्षर जोडत त्याने अंगणात सगळ्यांसमोर अख्खा लेख मोठ्याने वाचला. वाचता वाचता त्याचा आवाज बारीक होत गेला. चंद्रभागा खाडीतले निवट्या मासे साफ करत बसली होती. लेख संपल्यावर तिने एकदाच विचारलं, "ते पोराबालाचं काय लिवलंय? फिरून वाच." गणूने फिरून वाचलं. ती "बरं" म्हणाली आणि पुन्हा विळीकडे वळली. गणूने हे परशुरामला पुढे सांगितलं, तेव्हा परशुराम म्हणाला, "बघ, तिने मनावर घेतलं नाही. मोठ्या मनाची आहे." दोन वर्षं बातमी ओळखायला शिकलेल्या माणसाला समोर पडलेली बातमी दिसली नाही.

पदवी घेऊन तो फोर्टातल्या तीन-चार वर्तमानपत्रांच्या कचेऱ्यांत हिंडला. एका ठिकाणी उपसंपादकाने ते सोनेरी अक्षरांचं भेंडोळं उलगडून पाहिलं, शेजाऱ्याला दाखवलं, आणि दोघं बराच वेळ हसले. दुसरीकडे त्याला विचारलं, "प्रुफं तपासता येतात का?" येत नव्हती. शिकागोत ते काम दुसरा माणूस करतो. शेवटी त्याला ठाण्यातल्या एका गिरणीच्या कचेरीत आवक-जावक कारकुनाची जागा मिळाली. त्या जागेसाठी बी. ए. सुद्धा जास्त होतं. पाटी मात्र त्याने त्याच सुमाराला लावली.

पुढच्या साली वैशाखात त्याचं लग्न ठरलं. मुलगी ठाकुर्लीकडची, नाव गोदा. परशुरामच्या मनात होतं की नौपाड्यातल्या भटजीकडून तासाभरात सुटसुटीत लग्न लावावं, चार दामल्यांना बोलवावं, संपलं. पण गोदाच्या बापाने एकच अट घातली, धवला पाहिजे, आणि तोही चंद्रभागेचा. "तिच्या हातचं लगीन मोरत नाय," तो म्हणाला, म्हणजे मोडत नाही. परशुरामला मनातून बरंच वाटलं. आय असताना दुसरी कोण कशाला?

तो पाड्यावर गेला आणि मावशीला म्हणाला, "आय, माझ्या लग्नाला तूच धवला म्हणायचास."

"म्हनन की," ती म्हणाली, आणि तिने हात पुढे केला. तळहात पसरून, आवतणाची सुपारी घ्यायला धवलारीण परक्या माणसापुढे करते तसा. परशुराम हसला. त्याला वाटलं, म्हातारी थट्टा करतेय. त्याने खिशातून सुपारी काढली आणि तिच्या हातावर ठेवली. तिने ती कनवटीला लावली.

लग्नाच्या दिवशी मांडव नाथाच्याच दारात होता, म्हणजे चंद्रभागा जिथे तीस वर्षं राहत होती त्या घराच्या दारात. सकाळपासून ती कुणाला दिसली नव्हती. वेळ झाली तशी ती वाटेने आली, बाहेरून, आपल्या दोन झेलणाऱ्या बायकांना घेऊन, धुतलेलं लुगडं नेसून. घरात न शिरता ती मांडवाच्या तोंडाशी उभी राहिली. दामले मंडळी पहिल्या रांगेत खुर्च्यांवर बसली होती. पाड्याच्या बायका मात्र एकमेकींकडे बघायला लागल्या.

रीत अशी होती की धवलारीण परक्या घरी गेली तर पहिला धवला धरण्याआधी ओंजळीत तांदूळ घेऊन विचारते, नवरा कोण, कुणाचा. घरातल्या कर्त्याने उत्तर द्यायचं, मग ती त्या नावांनी देवांना साकडं घालते. स्वतःच्या घरी कुणी विचारत नाही. स्वतःच्या घरची नावं कोण विचारणार?

चंद्रभागेने ओंजळीत तांदूळ घेतले आणि त्या मांडव थांबवणाऱ्या आवाजात विचारलं, "नवऱ्याचं नाव काय?"

मांडव खरंच थांबला. नाथा काका उठून उभा राहिला आणि परशुरामकडे बघायला लागला. गणूने मान खाली घातली. ती वाट बघत उभी होती. तिच्या चेहऱ्यावर राग नव्हता. राग असता तर परशुराम तिच्या पाया पडला असता, रडला असता, आणि लहानपणी मिटायचं तसं मिटलं असतं. ती फक्त धवलारणीसारखी उभी होती. शेवटी मुंडावळ्या बांधलेल्या नवऱ्यानेच उत्तर दिलं. असं त्या पाड्यावर कधी झालं नव्हतं.

"परशुराम."

"बापाचं?"

"हिराजी."

"आयचं?"

आता परशुरामला सगळं कळलं होतं, आणि फार उशिरा कळलं होतं. त्याला लाज वाटली, भीती वाटली, आणि त्याहून जास्त म्हणजे त्याला ती हवी होती, लहानपणी हवी असायची तशी. दामले ऐकताहेत याची त्याने पर्वा केली नाही. तो मोठ्याने, सगळ्या मांडवाला ऐकू जाईल असं म्हणाला, "चंद्रभागा. माझ्या आयचं नाव चंद्रभागा."

चंद्रभागेने ओंजळीतले तांदूळ जरा सारखे केले.

"चंद्रभागाला पोर नाय," ती म्हणाली. "पेपरान छापलंय. खरं नाव सांग, मुहूर्त जातंय."

तिने नजर वळवली नाही. मागे कुणीतरी हुंदका दिला, बहुतेक गणूनेच.

"जनी," परशुराम म्हणाला.

मग तिने धवला धरला. एक ओळ गाळली नाही, एक देव विसरली नाही. बायका पुढे कितीतरी दिवस म्हणत होत्या की तिचा आवाज असा कधी लागला नव्हता. तिने जनीच्या परशुरामाचं लग्न हळदीपासून पाठवणीपर्यंत नीट लावून दिलं, धवलारणीचा मान म्हणून नारळ आणि तांदूळ पदरात घेतले, आणि पाहुण्यांच्या पंगतीत जेवायला बसली.